बाराची खूण

सीताराम : पेनाचं टोक फक्त कागदावर टेकवून दे. सही हाताला पाठ आहे, तिला डोळा कशाक लागतो?

संघमित्रा : थांबा काका, आधी वाचून दाखवायचं असतं. नियम आहे.

सीताराम : वाच मग, सिस्टर.

संघमित्रा : मी सिस्टर नाही. सिस्टर वरच्या मजल्यावर अडकल्यात, म्हणून डॉक्टर मॅडमनी मला पाठवलं. मी लॅबमधली, संघमित्रा. सकाळी तुमच्या नाकाशेजारचा तुकडा कापला ना, तो माझ्याच हातात आला होता.

सीताराम : म्हणजे तू माका आतून बघितलंस, आणि मी तुका बाहेरून पण बघूक नाय.

संघमित्रा : आम्हाला कोणीच बघत नाही. पेशंट इथे बसतो, तुकडा आत येतो. मी तो गोठवते, पापुद्र्यासारखे काप काढते, काचेवर लावते. मग मॅडम मायक्रोस्कोपमधून सगळ्या कडा तपासतात. एखाद्या कडेला कॅन्सर दिसला तर तेवढ्याच बाजूला परत कापायचं. कडा साफ येईपर्यंत पेशंट असाच थांबतो.

सीताराम : असाच म्हणजे गालाला भोक आणि डोळ्यावर पट्टी घेऊन. चार तास झाले. वाच.

संघमित्रा : "पहिल्या फेरीत गाठीची वरची कड, म्हणजे पापणीकडची, साफ आलेली नाही. दुसऱ्या फेरीत उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग काढावा लागेल. पापणी नव्याने तयार करण्यासाठी उजवा डोळा तीन ते चार आठवडे शिवून बंद ठेवावा लागेल. हे मला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे."

सीताराम : परत वाच. शेवटचं.

संघमित्रा : "उजवा डोळा तीन ते चार आठवडे शिवून बंद ठेवावा लागेल."

सीताराम : हं. समजेल अशाच भाषेत आहे.

संघमित्रा : चार आठवडे जातील हो काका. डाव्याने निभावून न्यायचं.

सीताराम : डावा खंय आसा? मिलमध्ये साचेखात्यात मागावर होतो, तेव्हा सुताचा धोटा उडून डोळ्यावर बसला. एकोणीसशे एकोणऐंशी. त्या डोळ्याला उजेड आणि काळोख एवढंच कळतं. आता माझ्यासाठी तू म्हणजे एक पांढरा डाग आहेस. कोट घातला असशील.

संघमित्रा : मॅडमना माहितीय?

सीताराम : माहीत आहे. म्हणून तर सांगताना अडखळत होत्या. वॉचमन ठेवणाऱ्यांना नाय कळलं कधी. मिल बंद पडल्यावर दिंडोशीला वीस वर्षं वॉचमन होतो, एका डोळ्याने. चोरांनी पण कधी तक्रार केली नाय.

संघमित्रा : मग घरी कोण आहे बघायला? चार आठवडे तुम्हाला काहीच दिसणार नाही.

सीताराम : माका बघायचं सोड. मी जिला बघतो तिचं काय? कमल, माझी बायको. साखरेने तिचे डोळे गेले, हात थरथरतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, इन्सुलिनची सुई मी देतो. चौदा रेघा. त्या सिरींजवरच्या रेघा बघितल्यास कधी? मुंगीच्या पायाएवढ्या. एक रेघ कमी भरली तर चालतं, जास्त झाली तर सकाळी ती उठायची नाय.

संघमित्रा : मुलंबाळं?

सीताराम : नाय. शेजारची रेवती आज बसलीय तिच्याजवळ. पोर चांगली आहे, पण सुई बघितली की डोळे मिटते. म्हणजे डोळे मिटलेली दोन माणसं आणि एक सुई. बघ काय ता.

संघमित्रा : मग आत्ता सही नका करू. घरी जा, कोणाची तरी सोय करा, पुढच्या आठवड्यात या.

सीताराम : उघड्या जखमेने जाऊ? डॉक्टर बाईंनी सांगितलं, आज सोडून गेलात तर खुणा पुसल्या जातील, मग सगळं पहिल्यापासून. आणि ही कॅन्सरची मुळं काय माझ्यासाठी थांबतात? चार वर्षं मस समजून फिरलो. नाय गो. इथे बसलो म्हणजे बसलो. आत पण जाता येत नाय, बाहेर पण जाता येत नाय. दे पेन.

संघमित्रा : हे घ्या. बोट धरते तुमचं. थांबा, असे वाकडे का बसलात?

सीताराम : मान. मणक्याचं दुखणं, उजवीकडे वळतच नाय. सकाळी पण तोच घोळ झाला. बाई खांद्याकडून कापायला बसल्या, माझी मान वळेना. मग स्टूल ओढून माझ्या उशाशी बसल्या, न्हाव्यासारख्या. सगळा वेळ त्यांची हनुवटी वर आणि कपाळ खाली दिसत होतं. माका हसू येत होतं, आणि त्या सारख्या सांगत होत्या, हलू नका.

संघमित्रा : उशाशी? डोक्याच्या मागे?

सीताराम : होय.

संघमित्रा : नक्की ना? त्या नेहमी उजव्या खांद्याशी बसतात. कधीच जागा बदलत नाहीत.

सीताराम : मी आंधळा आत्ता झालो, सकाळी नव्हतो. का गो? सही खंय करू? बोट सोडलंस तू माझं.

संघमित्रा : एक मिनिट, काका.

सीताराम : पांढरा डाग हलत नाय. काय झाला?

संघमित्रा : काही नाही.

सीताराम : हे बघ, डोळ्यावर पट्टी आली की कान उघडतात. तुझा श्वास बदललाय. काय ता सांग.

संघमित्रा : मी सांगू नये असं आहे ते. कदाचित काहीच नसेल.

सीताराम : कापणार माका, आणि सांगू नये?

संघमित्रा : बरं. हळू बोला. मॅडम कापायच्या आधी गाठीभोवती ब्लेडने बारीक खुणा करतात, घड्याळासारख्या. बारा, तीन, सहा, नऊ. बाराला दोन रेघा, बाकी ठिकाणी एकेक. अर्धी रेघ तुकड्यावर येते, अर्धी तुमच्या कातडीवर राहते. तुकडा आला की त्या रेघा बघून मी कडांना शाई लावते. बाराच्या कडेला निळी, सहाच्या कडेला लाल. म्हणजे काप कितीही पातळ झाला तरी कुठली कड कुठली ते कळतं.

सीताराम : बरं.

संघमित्रा : बारा म्हणजे कपाळाची बाजू. कायम. मॅडम खांद्याशी बसतात तेव्हा कपाळ त्यांच्या समोर, लांबच्या बाजूला असतं. दोन रेघा त्या लांबच्या बाजूला मारतात. आठ वर्षांची सवय आहे हाताला. तुमचा कॅन्सर निळ्या कडेला दिसला. म्हणून पापणी.

सीताराम : आणि आज त्या उशाशी बसलेल्या.

संघमित्रा : हो.

सीताराम : तिथून लांबची बाजू म्हणजे माझा गाल.

संघमित्रा : हो. पण मी आत होते, मी बघितलेलं नाही. त्यांनी लक्षात ठेवून बरोबर मारल्या असतील. त्या काय कच्च्या नाहीत.

सीताराम : आणि नसतील मारल्या तर? चांगली पापणी कापून टाकायची, डोळा शिवायचा आणि कीड गालात तशीच. असाच ना?

संघमित्रा : असंच.

सीताराम : मग जा आणि सांग त्यांना. बसून काय राहिलीस?

संघमित्रा : सोपं नाहीये ते.

सीताराम : का?

संघमित्रा : गेल्या महिन्यात मी असंच एक ऑपरेशन थांबवलं होतं. मला वाटलं स्लाइड चुकीच्या पेशंटची आहे. नव्हती. त्या पेशंट बाई तासभर कपाळ उघडं ठेवून बसल्या, त्यांच्या मुलाने तमाशा केला. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुझं काम काप काढायचं आहे, शंका काढायचं नाही. एकतीस तारखेला माझं काँट्रॅक्ट संपतंय. परत चुकले तर वाट लागली माझी.

सीताराम : म्हणजे तू पण माझ्यासारखीच बसलीस. आत नाय, बाहेर नाय.

संघमित्रा : काका, तुम्हीच विचारा ना त्यांना. सहज विचारल्यासारखं. सकाळी उशाशी बसलात त्याने काही फरक पडतो का, एवढंच. पेशंटने विचारलं तर त्या चिडत नाहीत. त्यांच्या त्यांच्या लक्षात येईल.

सीताराम : माका पण भीती वाटता गो. त्यांच्या हातात ब्लेड, माझ्या गालाला भोक. ज्याच्या हातात ब्लेड त्याला चिडवू नये.

संघमित्रा : मग?

सीताराम : विचारतो. पण तुका एक सांगतंय. डोळा गेल्यावर मिलवाल्यांनी माका फोल्डिंग खात्यात टाकला, कपडा तपासायला. तागा टेबलावर उलगडायचा, फॉल्ट दिसला की टोकापासून किती वारावर ते चिठ्ठीत लिहायचं. कापणारा चिठ्ठी बघून कापायचा. एक दिवस तागा उलट्या टोकाने टेबलावर आला. शिवदास कापत होता. माका दिसत होतं तो चुकीच्या टोकाकडून मोजतोय. बोललो नाय. म्हटलं, मास्तर हसेल, काणा आम्हाला शिकवतोय. सहा वार चांगला कपडा गेला, फॉल्ट तसाच गिऱ्हाइकाकडे. शिवदासला घरी बसवला.

संघमित्रा : पुढे भेटले ते?

सीताराम : भेटला. जोगेश्वरीला भाजी विकायचा. माका कधी काय बोलला नाय. दोन काकड्या जास्त टाकायचा पिशवीत. त्या खाल्ल्या जात नसत.

संघमित्रा : मॅडम आल्या.

डॉ. अनुपमा : झाली का सही? चला काका, आता पटकन दुसरी फेरी करून टाकू. भुलीचं एक इंजेक्शन परत देते, दुखणार नाही.

सीताराम : बाई, एक विचारू? सकाळी तुम्ही माझ्या उशाशी बसलेलात. त्याने काय फरक पडता काय?

डॉ. अनुपमा : काहीच नाही. तुमच्या मानेसाठी बसले. आताही तशीच बसणार आहे.

सीताराम : त्या घड्याळाच्या खुणा उलट्या नाय ना झाल्या?

डॉ. अनुपमा : खुणा? हे कोणी सांगितलं तुम्हाला? काका, मोबाइलवर काहीबाही वाचून डोक्याला ताप करून घेऊ नका. ते आमच्यावर सोडा. संघमित्रा, फॉर्म दे.

संघमित्रा : सही नाही झाली, मॅडम.

डॉ. अनुपमा : का?

संघमित्रा : काकांनी काही वाचलेलं नाही. मी त्यांना विचारायला सांगितलं. माझी हिंमत नव्हती.

डॉ. अनुपमा : परत? परत तेच? बाहेर ये, आपण बोलू.

सीताराम : बाहेर नको. माझ्याबद्दलच बोलताय ना, मग इथेच बोला.

डॉ. अनुपमा : काका, प्लीज. संघमित्रा, मी नकाशा काढलाय, चेहऱ्याच्या चित्रावर बारा स्पष्ट लिहिलेत, कपाळाच्या बाजूला.

संघमित्रा : ते चित्र छापील आहे, मॅडम. त्यावर बारा कायम कपाळाकडेच असतात. तुम्ही रोज तिथेच लिहिता. पण ब्लेड चित्रावर नव्हतं, काकांच्या तोंडावर होतं. आणि तुम्ही आज उशाशी होतात.

डॉ. अनुपमा : मी आठ वर्षं हेच करतेय.

संघमित्रा : रोज उजव्या खांद्याशी बसून. लांबची बाजू ती बाराची. आज लांबची बाजू गाल होता. मॅडम, फक्त पट्टी उघडून बघा. कातडीवर अर्ध्या रेघा अजून असतील. दोन रेघा पापणीकडे असल्या तर मी चुकले. मग एकतीस तारखेपर्यंत पण थांबू नका, मी उद्यापासून येत नाही.

डॉ. अनुपमा : धमकी देतेस?

संघमित्रा : नाही. घाबरलेय, म्हणून असं बोलतेय. यांना एकच डोळा आहे.

सीताराम : बाई, बघायला काय जातं? पट्टी तर काढायचीच आहे.

डॉ. अनुपमा : ग्लोव्ह्ज दे. दिवा इकडे कर. काका, कडेने सोडवते, थोडं ओढल्यासारखं होईल. डोळा सावकाश उघडा. दुखतंय?

सीताराम : नाय. दिवा डोळ्यात येतोय. आता दिसतंय.

डॉ. अनुपमा : हलू नका.

सीताराम : हलत नाय. किती रेघा आहेत, बाई?

डॉ. अनुपमा : पापणीकडे एक.

सीताराम : आणि दोन?

डॉ. अनुपमा : गालाकडे.

सीताराम : नीट बघितलंत?

डॉ. अनुपमा : दोनदा बघितलं. दोन रेघा गालाकडे आहेत, काका. म्हणजे निळी कड गालाची. पापणीला काही झालेलं नाही.

सीताराम : आणि ही सही झाली असती तर?

डॉ. अनुपमा : तर पाच मिनिटांत मी तुमची चांगली पापणी कापली असती. कॅन्सर खाली तसाच राहिला असता. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही.

सीताराम : हं.

डॉ. अनुपमा : रागावलात?

सीताराम : रागावलंय तर. पण एवढं भोक घेऊन रागाने खंय जाऊ? राग पण इथेच बसून करायचा.

डॉ. अनुपमा : तुम्हाला दुसऱ्या सर्जनकडून करून घ्यायचं असेल तर मी आत्ता फोन लावते. तासाभरात कोणी ना कोणी येईल. तुमचा हक्क आहे.

सीताराम : दुसरा येऊन कुठे बसणार, ते माका काय माहीत? तुम्ही आता आयुष्यात परत ही चूक करायच्या नाय. तुम्हीच करा. पण उशाशी नको. मान मोडली तरी चालेल, खांद्याशी बसा. तोंड सुलटं दिसू दे.

डॉ. अनुपमा : मानेखाली चादरीची गुंडाळी देते. संघमित्रा, जुना नकाशा फाडू नकोस, त्यावर तिरकी रेघ मार आणि तसाच फाइलला लाव. नवीन मी इथे, यांच्या तोंडाकडे बघून काढते. तू बाजूला उभी राहून बघ. प्रत्येक खूण मोठ्याने म्हण.

संघमित्रा : मी? आत?

डॉ. अनुपमा : आत. मला आत्ता तुझाही राग आलाय, माझा त्याहून जास्त. तो नंतर बघू. टोपी घाल, मास्क लाव.

सीताराम : थांब, मास्क लावायच्या आधी समोर ये. बघू दे. आवाजावरून माका वाटलेलं उंच असशील.

संघमित्रा : सगळ्यांना वाटतं.

सीताराम : बोटं निळी झालीत तुझी.

संघमित्रा : तुमच्याच कडेची शाई आहे, काका. धुतली तरी दोन दिवस जात नाही.

डॉ. अनुपमा : चला. टोचतेय. बाराला कुठली बाजू, संघमित्रा?

संघमित्रा : कपाळ.

डॉ. अनुपमा : सहाला?

संघमित्रा : गाल. आणि आता कापायचं ते सहाला.

(पाऊण तासाने. सीतारामच्या डोळ्यावर पुन्हा पट्टी.)

सीताराम : आली काय? पावलं ऐकू येतायत दोघींची. एक हळू चालते, एक भराभर. भराभर कोण?

डॉ. अनुपमा : मी. कडा साफ आहेत, काका. सगळ्या बाजूंनी, खालूनही. मी बघितलं, आणि हिलाही बघायला लावलं. आता टाके घालून गाल बंद करायचा, बस. पापणीला हात लावायचा नाही.

सीताराम : डोळा?

डॉ. अनुपमा : उघडा. गालावर पट्टी राहील, डोळ्यावर नाही. थोडी सूज येईल, पण दिसेल.

सीताराम : माका जरा टेकून बसू दे.

डॉ. अनुपमा : बसा. घाई नाही. संघमित्रा, तोवर हे वाच. मोठ्याने वाच, त्यांना पण ऐकू दे.

संघमित्रा : "पहिल्या फेरीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून दिशेची खूण उलटी झाली. दुसऱ्या फेरीआधी लॅब टेक्निशियन संघमित्रा यांनी ती लक्षात आणून दिली. पेशंटला त्याच वेळी सांगण्यात आलं." मॅडम, हे फाइलमध्ये राहील?

डॉ. अनुपमा : राहील. वरच्यांना पण जाईल. गेल्या महिन्यात मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून हे पण सगळ्यांसमोर जाऊ दे. काँट्रॅक्टचं माझ्या हातात नाही, पण तिथे माझं मत विचारतात. आणि यापुढे शंका आली की थेट माझ्याकडे यायचं. पेशंटला पुढे करायचं नाही.

संघमित्रा : हो, मॅडम. ते मला स्वतःलाच लागलं. आंधळ्या माणसाला पुढे केलं मी.

सीताराम : अगो, आंधळा मेला नव्हता. नुसता बसलेला. आणि शेवटी बोललीस ना तूच. मी तेवढं पण केलं नव्हतं तेव्हा. किती वाजले?

संघमित्रा : सव्वाचार.

डॉ. अनुपमा : टाक्यांना अर्धा तास, नंतर तासभर इथे बसायचं. पावणेसहाला सोडते तुम्हाला.

सीताराम : दिंडोशीला जायला अर्धा तास. ट्रॅफिक धरून पाऊण. सातच्या आत पोचतो. संघमित्रा, माझ्या शर्टाच्या खिशात फोन आहे. कमलला लाव. रेवती उचलेल, तिला म्हणावं कानाला धर.

संघमित्रा : लागला. काकूच आहेत. विचारतायत, डोळा कसा आहे.

सीताराम : सांग, चौदा रेघा मोजण्याइतका आहे.